म्हातारा काय म्हणतोय?

श्रीधररावांना लेकीला एकच गोष्ट सांगायची होती. तेवढ्यासाठी ते मिरजेहून नेदरलँड्समधल्या रायस्वाइकला आले होते. बाकी कालवे, फुलांच्या बागा आणि पवनचक्क्या हे सगळं तिकिटाला निमित्त.

गोष्ट अशी, की वीज मंडळातून निवृत्त झालेले श्रीधरराव आणि मुलींच्या शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या लीलावतीबाई, दोघांनी उरलेलं आयुष्य एका घरात काढायचं ठरवलं होतं. रीतसर लग्न करून. लेकीची, म्हणजे चारुताची, आई जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. लीलावतीबाईंचे यजमान त्याही आधी गेलेले.

"लेकीला सांगून या," लीलावतीबाईंनी बजावलं होतं. "फोनवर नाही, समोर बसून. चोरपावलांनी कुणाच्या घरात शिरायचं माझं वय नाही." शिवाय त्यांचा मुलगा रणजित त्यांना कायमचं नाशिकला न्यायचं म्हणत होता. लीलावतीबाईंना त्याला रविवारी उत्तर द्यायचं होतं. लेकीला कळलं असेल तर एक उत्तर, नसेल तर दुसरं.

निघताना त्यांनी मोहरीच्या रंगाचा मफलर हातात ठेवला आणि गुणगुणल्यासारखं म्हणाल्या,

लेकीच्या गावाला वारा, झोंबेल हो कानाला
लेक पुसेल तेव्हा सांगा, धागा कुणी विणला

लेकीनं पुसलं नाही. विमानतळावर मफलरचं टोक नीट खोचून ती म्हणाली, "बरं केलंत, घालून आलात. चला, गाडी सुटेल."

तिचा दोष म्हणावा तर तसाही नव्हता. चारू प्रेमळ होती, आणि प्रेमळ माणसं फार लवकर समजून घेतात. "चारू, मला जरा..." एवढं तोंडातून निघालं, की पुढचं ती स्वतःच पूर्ण करायची. जेवताना म्हटलं, की ताटात पोळी पडायची. सोफ्यावर म्हटलं, की हीटर वाढायचा. एकदा ती त्यांना ॲमस्टरडॅमजवळ स्लोटरडाइकला आपलं ऑफिस दाखवायला घेऊन गेली. येताना फलाटावर दोघंच उभे होते, वारा होता, आभाळ मोकळं होतं. ते म्हणाले, "चारू, मला तुला एक..." आणि ती म्हणाली, "बाबा, प्लॅटफॉर्म बदलला! पळा!"

एकदा तर त्यांनी धीर करून वेगळी सुरुवात केली. "छातीत धडधडतंय बघ, पण..."

पण-च्या पुढे जायच्या आत चारूनं हाउसआर्ट्सला, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरला, फोन लावला होता. उंचच उंच डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, पाठ तपासली, पाणी भरपूर प्या म्हणाल्या आणि पॅरासिटामॉल सांगितली. घरी आल्यावर जावई आशुतोष म्हणाला, "बाबा, इथे पाय मोडला तरी पॅरासिटामॉलच देतात. तुम्ही लकी आहात, तुम्हाला काहीच झालेलं नाही."

रोज इकडचे चार वाजले, की तिकडून लीलावतीबाईंचा फोन यायचा.

"झालं सांगून?"

"सुरुवात केली होती."

"मग?"

"पोळी वाढली तिनं."

"वजन वाढलं असेल तुमचं," लीलावतीबाई म्हणायच्या आणि हसायच्या. शुक्रवारी मात्र हसल्या नाहीत; रविवार तोंडावर आला होता.

शनिवारी दुपारी चारूनं त्यांना कामाला लावलं. तिचा धंदाच सबटायटलचा. पडद्यावर माणसं बोलतात आणि खाली ओळी उमटतात, त्या ओळी लिहिणारी ती. ऑफिसात डच आणि इंग्रजी, पण हे काम घरचं होतं. रविवारी मराठी मंडळात एक जुना अमेरिकन चित्रपट दाखवायचा होता. मंदीच्या काळातला, काळा-पांढरा, विनोदी. मंडळातल्या ज्येष्ठांना ते भराभरा बोललेलं इंग्रजी कळणार नाही, म्हणून मराठी ओळी.

"तुम्ही फक्त वाचायचं, बाबा," ती म्हणाली. "वाचून व्हायच्या आत ओळ गेली, तर हात वर करा."

पडद्यावर एक मोठं घर उघडलं. एके काळी श्रीमंत असलेलं आणि ते दिवस गेले हे अजून कबूल न करणारं. आई टोप्या विकत घेतेय. थोरली लेक पियानो बडवतेय, कारण तिचा नवरा व्हायच्या वाटेवरचा मनुष्य संगीताचा शौकीन आहे. धाकटा लेक घोड्यांच्या गोष्टी सांगतोय. मामा फुकटचा जेवतोय. सगळे एकाच वेळी बोलताहेत, जसे सुगीच्या शेतावर पोपट. आणि टेबलाच्या टोकाला वडील. पांढऱ्या मिशा, सैल झालेला कोट. ते कोंबडी कापताहेत, ताटं भरून पुढे देताहेत, आणि त्यांच्या स्वतःच्या ताटात शेवटी उरतो तो नुसता मानेचा तुकडा.

श्रीधररावांनी हात वर केला.

"ओळ लवकर गेली?"

"नाही. हा म्हातारा काय म्हणतोय?"

"कोण? ते वडील? काही नाही हो. पुटपुटतायत."

पुढच्या प्रसंगात जिन्यावर सगळ्यांची पळापळ. वडील खालच्या पायरीवर. त्यांनी एक बोट उचललं, श्वास घेतला, तोंड उघडलं. आई त्यांच्या हातात टोपीचा खोका देऊन निघून गेली.

हात वर.

"आता काय?"

"आता काय म्हणाला?"

"बाबा, तुम्ही ओळी वाचताय की त्याचं तोंड बघताय?"

"दोन्ही."

चारूनं चित्रपट थांबवला आणि ऑफिसातल्या नवख्याला समजावतात तसं समजावलं. पडद्यावर एका वेळी दोनच ओळी मावतात. प्रेक्षकाला डोळ्यांनी वाचायचं असतं आणि चित्रही बघायचं असतं. चार माणसं एकदम बोलली, तर ज्याच्या बोलण्यानं गोष्ट पुढे जाते त्याचं ठेवायचं. बाकीचं गाळायचं.

"आणि याच्या बोलण्यानं गोष्ट पुढे जात नाही?"

"त्याच्याकडे कुणी लक्षच देत नाही ना. मग गोष्ट पुढे कशी जाणार?"

श्रीधरराव पुन्हा पडद्याकडे वळले. पण हात थांबला नाही. बागेतल्या सहलीत वर गेला, मामाच्या वाढदिवसाला गेला, पियानोच्या गदारोळात तर दोनदा गेला. चारू वैतागली, मग हसली, मग पुन्हा वैतागली. "बाबा, संध्याकाळपर्यंत फाईल द्यायचीय मला!"

शेवट जवळ आला. साखरपुड्याची मेजवानी, पाहुणे, मेणबत्त्या. दारात चार दांडगे हमाल येतात आणि सरळ पियानोला दोर बांधतात. दारातून जात नाही म्हणून खिडकीची चौकट काढतात. पियानो लटकत लटकत रस्त्यावर उतरतो, थोरली लेक उभ्याउभ्या बेशुद्ध पडते, आणि पियानो नवऱ्यानंच विकलाय हे कळून आई त्याच्यावर कडाडते. खाली ओळ येते: "आधी सांगायचं होतंत ना!"

वडील काही बोलत नाहीत. ते हसतात. मिशीच्या आतल्या आत, डोळ्यांच्या कडांनी. समाप्त.

"छान जमलंय," श्रीधरराव म्हणाले. "ओळी सगळ्या वाचता आल्या. पण हा हसला का?"

"म्हणजे?"

"घरातल्यांपासून चोरून पियानो विकणारा माणूस पकडला गेला, तर ओशाळेल. मान खाली घालेल. हा तसा नाही हसत, चारू. हा... कसं सांगू... दिवसभर पत्त्यांत हरून शेवटचा डाव जिंकल्यासारखा हसतोय."

चारूनं ते हसू पुन्हा लावलं. पुन्हा एकदा. मग खुर्ची पुढे ओढली.

"मी डच सबटायटल समोर ठेवून काम केलं," ती हळूच म्हणाली. "त्यातही तो गाळलेलाच होता. मी त्याचं बोलणं कधी ऐकलंच नाही."

तिनं इयरफोन काढले. एक स्वतःच्या कानात घातला, दुसरा वडिलांना दिला. दोघं डोक्याला डोकं लावून बसली, ती लहान असताना रेडिओच्या जाळीला कान लावायची तशी. पहिलं जेवण. काटेचमचे, मामाचं हसणं, आईच्या टोप्या. ती आवाजाच्या पट्ट्या खालीवर करत राहिली. आणि सगळ्या कलकलाटाच्या तळातून, विहिरीतून ओढलेल्या कळशीसारखा, एक घोगरा आवाज वर आला.

"'गिऱ्हाईक मिळालंय,' म्हणतोय," चारू म्हणाली.

"कशाला?"

"थांबा ना!"

जिना. टोपीचा खोका. "'पियानोला.' बाबा, तो म्हणतोय, पियानोला!"

बागेतली सहल. "'गुरुवारी येतील न्यायला.'" मामाचा वाढदिवस. "'घर तरी वाचेल.'" आणि थोरली लेक जिवाच्या आकांतानं पियानो बडवत असताना, अगदी त्या पियानोला टेकून उभं राहून, तो सज्जन माणूस दोनदा म्हणत होता, "'दारातून नाही जायचा. खिडकी काढावी लागेल. ऐकलंत का? खिडकी.'"

दोघांना हसू आवरेना. श्रीधररावांच्या डोळ्यांतून पाणी आलं. चारूनं टेबलावर हात आपटला.

"सगळा जोकच हा आहे! तो सांगतोय हो, पहिल्यापासून सांगतोय. कुणी ऐकलं नाही इतकंच. आणि मी त्याला गाळून चोर ठरवला." तिनं फाईल पहिल्यापासून उघडली. "आता आईच्या टोप्या काढते. मामा पण गेला. दोन ओळी याच्या."

तिची बोटं चालू लागली. श्रीधरराव बघत होते. पडद्यावरचा म्हातारा पुन्हा कोंबडी कापत होता, आणि आता त्याच्या छातीखाली, पांढऱ्या अक्षरांत, त्याचं म्हणणं उमटलं होतं. साधं, लहानसं. त्यांना वाटलं, आपणही उठून जाऊन त्याच्या शेजारी बसावं.

"चारू," ते म्हणाले, "मला जरा..."

"चहा ना? टाकते." ती उठली. दोन पावलं गेली आणि थांबली. वळली. काही क्षण त्यांच्याकडे नुसती बघत राहिली, मघाशी पडद्याकडे बघत होती तशी.

"बाबा, तुम्ही आल्यापासून 'चारू, मला' म्हणताय."

"हो."

"मी प्रत्येक वेळी काहीतरी वाढलंय."

"पोळ्या चांगल्या असतात तुझ्या."

"काय म्हणायचंय तुम्हाला?"

तेवढ्यात दार उघडलं. दोन्ही हातांत पिशव्या, डोक्यावर सायकलचं हेल्मेट. आशुतोष आला. "चारू, अल्बर्ट हाइनमध्ये मेथी नव्हती, मी पालक आणलाय, आणि ती शेजारची बाई म्हणत होती, की आपली सायकल..."

"आशुतोष, थांब," चारू म्हणाली. "बाबा बोलतायत."

आशुतोष पिशव्यांसकट उभा राहिला. श्रीधररावांनी बोट उचललं. श्वास घेतला. इतक्या दिवसांच्या खटपटीनंतर समोर मोकळी जागा मिळाली आणि त्यांना शब्द सापडेनात. मग लेकीचा नियम आठवला. दोनच ओळी.

"लीलावतीबाई आणि मी लग्न करायचं म्हणतोय," ते म्हणाले. "तुला सांगितल्याशिवाय त्या उंबरा ओलांडणार नाहीत."

आशुतोषच्या पिशवीतून एक कांदा निसटला आणि सोफ्याखाली गेला.

"लीलावतीबाई कोण?" चारूचा आवाज चढला. "म्हणजे तुम्हाला लोणचं पाठवतात त्या? बाबा, मी इतके दिवस... तुम्ही आधी सांगायचं होतंत ना!"

बोलून गेली आणि स्वतःच्याच ओळीवर थबकली. समोर श्रीधरराव हसत होते. डोळ्यांच्या कडांनी, आतल्या आत. ते हसू तिनं तासाभरात कितीदा मागेपुढे करून पाहिलं होतं. पण तिला हसू आलं नाही. ती खिडकीशी गेली आणि खालच्या सायकलींकडे पाहत उभी राहिली. श्रीधररावांचं हसूही हळूहळू उतरलं. आता त्यांना खरोखरच धडधडत होतं.

"आईचा फोटो?" ती पाठ न वळवता म्हणाली.

"आहे तिथेच राहील. लीलावतीबाईंनीच सांगितलंय. त्यांच्या यजमानांचा शेजारी लावायचा म्हणतात. दोघांना सोबत."

ती वळली. डोळे ओले होते, पण कपाळावर ती आठी होती, अवघड आवाज ऐकताना पडते ती. खुंटीवरचा मफलर तिनं हातात घेतला, उलटा करून टाके पाहिले.

"हा कुणी विणला?"

"त्यांनीच."

"आणि सकाळी दात घासताना तुम्ही गुणगुणता ते?"

"तेही त्यांचंच."

"म्हणजे तुम्ही सांगतच होतात," ती म्हणाली.

चार वाजले. टेबलावरचा फोन थरथरू लागला. श्रीधररावांनी हात पुढे केला, पण चारूचा आधी पोचला.

"मी चारुता," ती म्हणाली. पलीकडे एकदम शांतता. चारूनं ओठ चावला, मफलरचं टोक बोटाला गुंडाळलं. रविवारचं उत्तर त्या शांततेत लोंबकळत होतं, खिडकीतल्या पियानोसारखं.

"बाबांनी सांगितलं," ती म्हणाली. "मला अजून नीट झेपलेलं नाही. पण बरंच विचारायचंय तुम्हाला. घाईत नाही ना तुम्ही?"

पलीकडून काहीतरी बोलणं सुरू झालं. चारू मध्ये बोलली नाही. खुर्ची ओढून बसली आणि ऐकत राहिली. मग एकदम म्हणाली, "गाऊन दाखवा ना. पहिल्यापासून."

श्रीधरराव वाकून सोफ्याखालचा कांदा शोधू लागले.