काका काय म्हणाले

डबी पुन्हा उघडली. काडेपेटीहून लहान, पत्र्याची, झाकणावरचा रंग अंगठ्याखाली झिजून गेलेला… काकांनी तिच्यातून एक लवंग काढली आणि दाढेखाली धरली. बसमधून उतरताना एक धरली होती, चपला काढताना एक, आणि आता देवळाच्या पायरीवर ही. बोलायला सुरुवात करण्याआधी एक लवंग, म्हणजे घसा दिवसभर साथ देतो, हा त्यांचा नेम शेजारी उभ्या असलेल्या दुभाषीला पाठ होता. पण नेम एकाच लवंगेचा होता. एव्हाना तोंडात नुसती आग झाली असणार, आणि हा माणूस पाहुण्यांकडे बघून खुशाल हसतो आहे.

गाव त्यांना रेडिओकाका म्हणायचं. पोस्टातून रिटायर झाल्यावर त्यांनी हे काम धरलं होतं. उत्सवाच्या दिवसांत बस भरभरून येणाऱ्या परदेशी पाहुण्यांना हा मुलूख दाखवायचा, देवळं, बाजार, नदी, आणि सगळ्यात शेवटी देवीचा रथ. काका आपल्या भाषेत बोलत, आणि ती शेजारी उभी राहून ते पाहुण्यांच्या भाषेत सांगे. दुभाषी म्हणून तिने पुष्कळांबरोबर काम केलं होतं. कुणी गाइड खांबांची उंची सांगे, कुणी राजांच्या पिढ्या घडाघडा म्हणून दाखवी, आणि पाहुणे माना डोलवत चोरून घड्याळ बघत. काकांची तऱ्हाच निराळी. ते एखाद्या म्हाताऱ्या पाहुणीचं बोट धरून खांबावर टेकवायचे आणि म्हणायचे, बघा, इथे छिन्नी घसरली, त्या दिवशी कारागीर घरून भांडून आला असणार. पाहुणी आधी हसायची, मग डोळे मिटून तो खळगा कितीतरी वेळ चाचपत राहायची… माणसाला दगडाच्या इतकं जवळ नेता येतं, हे तिने फक्त काकांकडे पाहिलं होतं. त्यांचं वाक्य दुसऱ्या भाषेत नेताना तिला नेहमी वाटे की आपण काठोकाठ भरलेली घागर घेऊन चाललो आहोत, हिंदकळू द्यायची नाही. या कामाचे पैसे मिळतात याचंच तिला कधीकधी नवल वाटे.

आणि आज सकाळी मॅनेजरचा फोन आला होता. टूर कंपनीचा मॅनेजर म्हणजे तिच्या नवऱ्याचा वर्गमित्र, त्यामुळे ती त्याची वहिनी.

"वहिनी, मागच्या ग्रुपला काकांनी एकच गोष्ट दोनदा सांगितली म्हणे. आज जरा लक्ष ठेवा. संध्याकाळी मला सांगा, पुढच्या वर्षी त्यांना ठेवायचं की पाहुण्यांच्या कानात ते बोलणारं यंत्र घालायचं."

मग तोच पुढे म्हणाला, "माझ्याही जिवावर आलंय हो. पण रथाच्या गर्दीत त्यांनी माणसं भलतीकडे नेली, कुणी चाकापाशी सापडलं, तर काय करायचं?"

तो वाईट माणूस नव्हता, हीच पंचाईत होती. वाईट असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं. बघते, असं म्हणून तिने फोन ठेवला होता.

देवळाला दोन दारं आहेत आणि दोन द्वारपाल. पुढच्या दारातला हसतो, मागच्या दारातला चिडलेला आहे. याची काकांनी रचलेली एक गोष्ट होती (आपण रचली आहे हे ते लपवतही नसत): हे दोघे घडवणारे सख्खे भाऊ; थोरल्याचं लग्न ठरलं त्या आनंदात त्याने हा हसरा कोरला, आणि धाकट्याला भावाच्या लग्नाला जायला सुट्टी मिळाली नाही म्हणून त्याने तो रागीट कोरला. सुट्टीचं ऐकून जगातले सगळे नोकरदार हसतात. आज काका हसऱ्या द्वारपालापुढे उभे राहिले, गाल फुगवले, डोळे वटारले आणि म्हणाले, "बघा, किती चिडलाय! का चिडलाय? सुट्टी नाही मिळाली भावाच्या लग्नाला!"

पाहुण्यांनी दगडाकडे पाहिलं. दगड हसत होता. निळ्या टोपीतल्या एक आजी, आयुष्यभर नर्स होत्या असं त्यांनी बसमध्ये सांगितलं होतं, तिच्याकडे वळल्या. "काका काय म्हणाले?"

क्षणभरच… आणि मग तिला आपलाच आवाज ऐकू आला. "काका म्हणतात, याचा धाकटा भाऊ मागच्या दारात असा गाल फुगवून बसलाय. का, ते तिथे गेल्यावर कळेल. हा मात्र खूश आहे, कारण याचं लग्न ठरलंय."

पाहुणे हसले. ते हसले म्हणून काकाही हसले, खुलले, आणि छत्री उंच धरून पुढे चालू लागले. मागच्या दारात त्यांनी तीच गोष्ट पुन्हा सांगितली, तेच फुगवलेले गाल, तेच डोळे, जणू आयुष्यात पहिल्यांदा सुचते आहे अशा उत्साहाने, आणि या वेळी ती बरोबर दगडापुढे पडली. तिचा जीव भांड्यात पडला. तिला फक्त जसंच्या तसं सांगायचं होतं.

मी हे काय चालवलंय… दुभाष्याने पदरचं घालायचं नाही, गाळायचं नाही, हे या कामातलं पहिलं. नव्या मुलींना मीच तर शिकवते. आणि आता काका एक म्हणतात आणि मी दुसरंच. त्यांनी तळ्याला नदी म्हटलं, मी तळं म्हटलं. त्यांनी राणीला राजाची आई केलं, मी तिला परत बायको केली. मोठ्या घरात कुणी सांडत जावं आणि मागून कुणी पुसत यावं, तसं. बरं, हे सगळं निभावतंय कशामुळे, तर पाहुण्यांना काका ऐकू येतात आणि मी समजते. मधली फट फक्त मला दिसते. मी गप्प राहिले तर हा माणूस आणखी एक वर्ष रेडिओ राहील. पण ही दया झाली की लबाडी, की मॅनेजरला तोंड द्यायची टाळाटाळ?

घरी सासूबाई आहेत. पूर्वी त्यांच्या जिभेला गल्लीतला भाजीवालासुद्धा टरकून असायचा. एका वाक्यात तिघांचा उद्धार करायच्या आणि चौथ्याला पाणी विचारायच्या. मग त्यांचे वार चुकायला लागले, नाती चुकायला लागली. त्यांचा मुलगा फार मायेचा, त्याने मनावर घेतलं. आई, मंगळवार नव्हे, गुरुवार. आई, तो मामा नव्हे, मामेभाऊ. डॉक्टरच म्हणाले होते, डोकं चालतं ठेवा. तो ऑफिसातून दमून येऊनही न कंटाळता शेजारी बसायचा आणि एकेक चूक हळुवारपणे उचलून त्यांच्या हातात द्यायचा… आणि सासूबाई वाक्याच्या मधेच थांबून त्याच्या तोंडाकडे बघायला लागल्या, बरोबर आहे ना? मग वाक्यं आखूड झाली. मग नुसतं हो, नुसतं नको. आता दिवस दिवस त्यांच्याकडून एकही चूक होत नाही.

दुपारी हॉटेलात पाहुण्यांना ताटांवर बसवून काका तिच्या समोर येऊन बसले. भात कालवता कालवता म्हणाले, "पोरी, मी दोन वाक्यं बोलतो आणि तू सहा. त्यांच्यात सगळंच लांबण लावून सांगतात वाटतं?"

तिचा घास हातातच राहिला. काकांना पाहुण्यांच्या भाषेतले या, बसा, जपून एवढेच शब्द येतात, हे ती इतकी वर्षं धरून चालली होती.

"हो काका, फार पाल्हाळ असतं त्यांच्यात."

"मग नीट जेव. दमत असशील."

आणि त्यांनी वाढप्याला हाक मारून तिच्या ताटात आणखी भात घालायला लावला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. होतं ते नेहमीचंच, समोरच्याचं पोट भरावं एवढंच. त्यांना कळलंय का, हे विचारायची तिची छाती झाली नाही.

ऊन उतरलं तसे सगळे रथाच्या रस्त्याला लागले. या गावाचा तिला सगळ्यात अभिमान वाटतो तो या वेळेला. एरवी हे रस्ते म्हणजे खड्डे, पार्किंगची भांडणं आणि दुकानांच्या पाट्या. पण उत्सवात कुणी हुकूम न सोडता गाव आपणहून बदलतं. रस्ते धुतलेले, प्रत्येक पायरीवर, खिडकीवर, शिंप्याच्या झाकलेल्या मशीनवरसुद्धा पणती. गच्च्या माणसांनी भरलेल्या, फुलांच्या टोपल्या कठड्यावर तयार. दुकानदार गिऱ्हाईक सोडून बाहेर येऊन उभे, आणि एरवी शेजाऱ्याशी न बोलणारी माणसं त्याच्या म्हातारीला खुर्ची आणून देतात. पाहुणे बोलायचे थांबले होते, नुसते बघत चालले होते. काकाही चालले होते, ताठ, छत्री उंच, एखाद्या सेनापतीसारखे. तिला वाटलं, निभावलं. आता फक्त नाक्यापर्यंत आणि तिथून कापडवाल्याच्या दगडी जिन्यावर. जिना उंच आहे, तिथे चाकाची भीती नाही.

नाक्यावर काका थांबले.

रस्ता इथे फुटतो. डावीकडे जिना, उजवीकडे ती अरुंद गल्ली जिच्यातून रथ वळताना भिंतींना घासतो. मागून गर्दीचा रेटा वाढत होता. काकांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पुन्हा डावीकडे. तिला रस्ता ठाऊक होता. एक पाऊल पुढे टाकायचं, बस्स. पण ते पाऊल पंधरा जणांच्या डोळ्यांदेखत पडलं असतं. शब्दांचं एक वेळ झाकता येतं, पायांचं कसं झाकायचं… मॅनेजर म्हणत होता ते हेच. तेवढ्यात काका पाहुण्यांकडे वळले, छत्री फिरवली, आणि गोष्ट सांगताना लावतात त्याच भरदार आवाजात, चेहऱ्यावर तेच हसू ठेवून म्हणाले, "पोरी, यातला आपला रस्ता कुठला ते मला आठवत नाहीये. यांना काहीतरी छान सांग."

आवाज जरासुद्धा हलला नाही. एवढा भरवसा आजवर तिच्यावर कुणी टाकला नव्हता, नवऱ्याने नाही, आईनेही नाही.

"काका काय म्हणाले?" कॅमेरेवाल्या पाहुण्याने विचारलं.

"काका म्हणतात," ती म्हणाली, "इथून पुढे ते नेणार नाहीत, ढोल नेणार. कान देऊन ऐका. आवाज कुठून येतोय?"

ढोल दरवर्षी डावीकडूनच येतात. पाहुणे शाळकरी पोरांसारखे मान वाकडी करून ऐकू लागले, दोघे वाद घालू लागले, आणि निळ्या टोपीच्या आजींनी डावीकडे बोट दाखवलं. काकांनी त्यांना शाबासकी दिली. जिन्यावर चढताना तिने काकांना हात दिला. तो त्यांनी न लाजता घेतला.

मग रथ आला. आधी दोर आला, आणि दोराला लागलेले हात, म्हातारे, तरणे, बांगड्यांचे, अंगठ्यांचे, काही नुसतेच चिकटलेले. मग माणसाहून उंच चाक, लाकडाचा तो खोल करकराट, हजार ज्योती एकदम डुलल्या, आणि फुलांच्या दोन सरांमधून क्षणभर देवीचा चेहरा. गच्च्यांवरून पाकळ्यांचा नुसता पाऊस. काका बोलत नव्हते. इथे त्यांचं एक लांबलचक भाषण असायचं, चाकांच्या लाकडाचं, दोर वळणाऱ्या घराण्याचं. ती ते एका बाजूने तयार ठेवून उभी होती. काका नुसते बघत होते, तोंड किंचित उघडं.

"त्यांना विचारा ना," निळ्या टोपीच्या आजी तिच्या कानाशी म्हणाल्या, "हे त्यांनी किती वेळा पाहिलंय?"

उत्तर तिला ठाऊक होतं. न विचारताच देऊन टाकता आलं असतं. तरी तिने वाकून विचारलं.

रथावरची नजर न काढता काका म्हणाले, "आज पहिल्यांदाच बघतोय, पोरी."

तिच्या जिभेवर सहा वाक्यं तयार होती. ती तिने सोडून दिली, आणि काकांचं ते एकच वाक्य उचललं, काही न घालता, न गाळता, आणि पाहुण्यांच्या भाषेत ठेवलं. कुणीतरी व्वा म्हणालं. कुणी टाळी वाजवली, किती सुंदर बोलतात हे! आजींनी टाळी वाजवली नाही. त्यांनी काकांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

"आणखी काय म्हणाले?"

"एवढंच."

पर्समध्ये फोन थरथरत होता. मॅनेजरच असणार, तिला अजून काहीच ठरवता आलं नव्हतं. सकाळपासून ती काकांचं प्रत्येक वाक्य पारखत होती, हे शाबूत, हे मोडलेलं. पण या वाक्याचं तिला काही कळेना. पूर्वीचे काकाही असलं बोलायचे, टाळी घ्यायला. की हे खरं होतं, अगदी तसंच, शब्दशः… ती त्यांच्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत तिने हा रथ नेहमी अर्ध्या डोळ्याने पाहिला होता, अर्धं लक्ष पुढच्या वाक्याकडे. आता पुढचं वाक्य येत नव्हतं, रथ समोरून चालला होता, तरीही तिच्याने तो धड बघवत नव्हता. दिवसभर या माणसाची तिने कीव केली होती. आणि आता त्या उजेडात त्यांचा चेहरा बघताना तिला त्यांचा सरळ सरळ हेवा वाटला, आणि त्या हेव्याची तिला भीती वाटली.