परजिल्ह्यातली बिलकीस

सरकारनं उस्मानाबाद तोडून लातूर जिल्हा केला, त्याला अजून वर्षही झालं नव्हतं. माणसं बसल्या जागी नव्या जिल्ह्यात आली. उदगीरच्या बालसदनातली दहा वर्षांची बिलकीस तेवढी मागं राहिली, म्हणजे कागदावर. ती दाखल झाली तेव्हा जिल्हा जुना होता. तिची धाकटी बहीण जाहिदा आजी वारल्यावर आली, तोवर जिल्हा नवा झालेला.

तपासणीस शिवमूर्तींनी रजिस्टरात बोट ठेवलं. "ही परजिल्ह्यातली हाय. आठ दिवसांत उस्मानाबादला धाडा. न्हाईतर मान्यता जाईल."

"अन् हिची सख्खी बहीण?" अधीक्षक कमलम्मांनी विचारलं.

"ती आपल्या जिल्ह्यातली. तिला ऱ्हाऊ द्या."

कमलम्मांचं टाळकंच फिरलं. विहीर आटलेली, टँकर चार दिवसांआड, त्यावर या माणसाचा एक शब्द नाही. आणि एका ताटात जेवणाऱ्या दोन पोरींच्या मधून याला जिल्ह्याची हद्द दिसते. रोग म्हशीला आणि औषध पखालीला.

"मग म्या करावं तरी काय, साहेब?"

"आक्का, नियम म्या केला न्हाई." शिवमूर्तीही वैतागले होते. "पोरगी आज नव्यानं दाखल झाली असती तर सवालच नव्हता."

कमलम्मांनी त्यांच्याकडं रोखून पाहिलं. मग रजिस्टर ओढून बिलकीसचं नाव कमी केलं. तेवढ्यात बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. त्यांनी पोरीला घागर देऊन फाटकाबाहेर पाठवलं. जाताना उस्मानाबादची, येताना लातूरची. तिला यातलं काही सांगितलं नाही. एकदा घर गेलेल्या लेकराला "तुझं नाव काढलंय" म्हणायची त्यांची छाती झाली नाही.

कोरा अर्ज पुढं आला. शिवमूर्ती रकाने वाचू लागले.

"बालक कुठं सापडलं?"

"फाटकासमोर."

"कुणाला सापडलं?"

इथं कमलम्मांचा टाक अडला. दाखल करून घेणारीचं म्हणून आपलं नाव चालणार नव्हतं, आणि असल्या नोंदीला दुसऱ्या कुणाचं नाव द्यायचं?

बहीण पाण्याला गेल्यापासून पाच वर्षांची जाहिदा फाटकाचे गज धरून उभी होती. टँकरभोवतीच्या गर्दीत आपा दिसेना, म्हणून तिचे ओठ थरथरत होते. घागर डोक्यावर घेतलेली बिलकीस गर्दीतून बाहेर आली, तशी जाहिदा धावली आणि तिच्या परकराला बिलगली.

"आक्का, सापडली. मला सापडली."

कमलम्मांनी रकान्यात लिहिलं: जाहिदा, वय पाच.

शिवमूर्तींनी ते वाचलं. पाच वर्षांच्या लेकराचं नाव चालत नाही, हे त्यांना पाठ होतं. त्यांनी खाली सही केली.