सिद्धीची मोरी

ज्या धोंड्याने गोकुळदासाचा डोळा फुटला, तो धोंडा माझ्या बालवाडीतला होता आणि मारणारा माझा सख्खा भाऊ रुद्रेश. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर मला बिचारी समजाल.

मांद्र्याच्या बालवाडीत मी मुलांकडून समुद्र करून घ्यायची. करवंटीचं कासव, शिंपल्यांची कुर्ली, फाटक्या जाळ्याचं शेवाळ. ज्यांचे बाप होडीवर जातात त्या पोरांच्या पोटात समुद्राची भीती असतेच. आपल्या हातांनी केलेल्या गोष्टीची भीती कमी वाटते, असं माझं मत होतं. शहाऐंशीच्या डिसेंबरात मला हरमलच्या खडपाखालचे गुळगुळीत गोटे हवे होते. गोकुळदास बसचा ड्रायव्हर. त्यानेच पोतंभर गोटे बसमधून आणून दिले आणि वर म्हणाला, बाई, पुढच्या वेळी अख्खा समुद्रच मागाल. होड्यांना लावून उरलेल्या तेलरंगाने आम्ही त्या गोट्यांचे बांगडे केले, तारल्या केल्या.

गोकुळदासाची सहा वर्षांची सिद्धी प्रश्न विचारून जीव खायची. मोरी, म्हणजे शार्क मासा, झोपताना डोळा मिटते का, हे तिने किनाऱ्यावर भेटेल त्याला विचारलं. जाळं ओढणाऱ्या एका रापणकाराने सांगितलं, मोरी डोळा कधीच मिटत नाही. मग सगळ्यांत जड गोटा घेऊन तिने मोरी रंगवली. लाल दात आणि हा एवढा उघडा डोळा.

रंग वाळावा म्हणून गोटे आणि त्यांचं पोतं मी बालवाडीच्या पडवीत उघड्यावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी गोव्यात राजभाषेसाठी बंद होता. कोकणीच्या की मराठीच्या बाजूचा, ते विचारू नका. रुद्रेशच्या टोळीने तिठ्यावर टायर पेटवले आणि धोंडे कमी पडले तेव्हा त्या शहाण्याला बहिणीची पडवी आठवली. गोकुळदास रिकामी बस घेऊन आला. गडबड वाढायच्या आत ती पेडण्याला नेऊन ठेव, असं मालकाने सांगितलं होतं. पहिल्या धोंड्याने काच गेली, दुसऱ्याने डोळा. बस रस्त्याकडेच्या दगडी गडग्यावर आदळली. पोरांनी त्याला ओढून खाली पाडलं आणि लाथा घातल्या, बरगड्यांवर, तोंडावर. धूर जरा हटला तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं, की हा आपलाच गोकुळदास. सगळे पळाले.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको देवकी बालवाडीत आली आणि बसमध्ये सापडलेला गोटा तिने मुलांसमोर माझ्या पायांवर फेकला. लाल दातांवर रक्त वाळलं होतं. सिद्धीने तो पाहिला.

"माझी मोरी बाबाक चावली," ती म्हणाली.

आणि ज्या हाताने मोरी रंगवली होती, त्या हाताचा तिने कडकडून चावा घेतला. रक्त आलं तरी सोडेना. मी तिचा जबडा उघडायला गेले तर मलाही चावली. तो वण अजून आहे.

चार दिवसांनी गोकुळदासाला इस्पितळातून घरी आणलं. सिद्धी त्याच्या जवळ जाईना. दाराआड बसून आपलाच हात चावायची, चिंधी बांधली तर फाडून टाकायची. मोरीने काही केलं नाही, असं आईने सांगितलं, बापाने सांगितलं, मी सांगितलं. मग कुणी केलं, असं तिने विचारलं की गावातला जो तो विषय बदलायचा. पोर स्वतःला खाऊन टाकणार, अशी मला भीती वाटू लागली.

तो घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या परसात मला गोट्यांचं माझं पोतं सापडलं आणि गोटे कुणी नेले ते कळलं. रुद्रेश जेवत होता. मी हातातली भात वाढायची डवली त्याच्या डोक्यात घातली. सगळेच मारत होते, तो म्हणाला. मोरी कुणी मारली, मी विचारलं. त्याने हातातला घास ताटात टाकला. मी परत मारलं आणि हातही धुऊ न देता त्याला कॉलरला धरून गोकुळदासाच्या घरी फरफटत नेलं. गोटा मी ओच्यात घेतला होता.

रुद्रेश सिद्धीसमोर गुडघ्यांवर बसला.

"तुझी मोरी चावूक नाय गो," तो म्हणाला. "धोंडो मियां मारलो. ह्याच हातान." आणि तो हात त्याने जमिनीवर ठेवला.

सिद्धीने माझ्याकडे पाहिलं. मी गोटा तिच्यासमोर ठेवला. तिने तो दोन्ही हातांनी उचलून त्याच्या बोटांवर घातला. एकदा, दोनदा. हाड मोडल्याचा आवाज आला. मी बालवाडीची बाई, मला तिला थांबवता आलं असतं. मी थांबवलं नाही, आणि मला बरं वाटलं, हेही सांगते. तिसऱ्यांदा तिने गोटा उचलला तेव्हा बाजेवरून गोकुळदास म्हणाला, "पुरे गो बाय."

तिने गोटा खाली ठेवला. रुद्रेश हात पोटाशी धरून कण्हत होता. त्याला ओलांडून ती बापाजवळ गेली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा बाजेवर चढली. त्याच्या पट्टीवर बोट ठेवून तिने नेहमीसारखं विचारलं, "हो डोळो मिटलेलो हा, काय उघडो?"

पट्टीखाली डोळा नव्हता. देवकी तोंडात पदर कोंबून बाहेर गेली.

"उघडो," गोकुळदास म्हणाला. "मोरयेसारखो."

सिद्धीने मान डोलावली आणि पट्टीची गाठ कुठे सुटते ते ती नीट बघू लागली.