उलट्या तोंडाची खुर्ची

मी गाडीत लेकराला बसवायची खुर्ची. सध्या पुसेगावजवळच्या एका तांड्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये, ठिबकच्या नळ्यांच्या भेंडोळ्याशेजारी पडून आहे. माझे पट्टे कापलेले आहेत. जे झालं ते सांगते. रडणं-हसणं माझ्यात घातलेलं नाही, त्यामुळे सरळच सांगता येईल.

तापलेलं प्लास्टिक साच्यात ओतलं आणि मी झाले. आत फोम, वर राखाडी कापड, छातीवर येणारे पट्टे. मला दोन तऱ्हांनी बसवता येतं. लहान बाळासाठी उलटी, म्हणजे बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे. ते मोठं झालं की सुलटी, तोंड रस्त्याकडे. पुण्यात निताच्या मुलानं मला वापरलं. त्यानं माझ्या खाचांत बिस्किटांचा चुरा भरला, झोपला, वाढला आणि उठून गेला. मग निताच्या भावाला, रणजीतला, मुलगी झाली, दीपा. निता मला घेऊन तांड्यावर आली.

मला बघायला अर्धा तांडा जमला. रणजीतनं मला मागच्या सीटवर उलटं बसवलं. त्याची बायको रीता हिंगोलीत एका दवाखान्यात नर्स होती. तिनं दीपाला माझ्यात ठेवलं, पट्टे ओढले, खांद्यापाशी बोट घालून पाहिलं.

रणजीतची आई रुख्मिणीबाई. घरात सगळे तिला याडी म्हणत. ती दारातून वाकून म्हणाली, "लेकराचं तोंड पाठीकडं काहून केलं? रुसलंय का कुणावर?"

सगळे हसले.

"याडी, बाळाचं डोकं जड असतं, मान कच्ची," रीता म्हणाली. "गाडीनं एकदम ब्रेक मारला, कुठं धडकली, तर समोर तोंड असलेल्या बाळाचं डोकं पुढं फेकलं जातं. मान तुटते. उलटं असलं की सगळा दणका पाठीवर पसरतो, खुर्ची झेलते."

"अशुभ बोलू नको," याडी म्हणाली.

तेवढ्यावर ते मिटलं. मिटलं नाही ते हिरासिंगचं. हिरासिंग म्हणजे रणजीतचे वडील. पांढऱ्या मिशा, मोठा आवाज, हळदीचं शेत. सून, नातवंडं, सगळे त्यांना बापू म्हणत. बापू गाडीत नेहमी पुढं बसायचे. मागं वळले की त्यांना दीपा दिसायची नाही, माझी पाठ दिसायची.

"मी काय प्लास्टिकासंगं बोलू?" ते म्हणायचे.

दीपाचा पहिला वाढदिवस झाला आणि मग प्रत्येक जण तेच म्हणू लागला. वर्षाची झाली, आता फिरवा. तिचे पाय सीटच्या पाठीला टेकायचे, गुडघे दुमडायचे. शेजारच्या बाया म्हणायच्या, लेकरू अवघडलंय. दीपा अवघडलेली नव्हती. ती मांडी घालून बसायची आणि मागून येणारे ट्रॅक्टर मोजल्यासारखी बोट दाखवायची. लहान मुलांना पाय कसेही ठेवता येतात. मोठ्या माणसांना ते विसरायला होतं.

एका बाजाराच्या दिवशी रीता ड्युटीवर होती. बापूंनी रणजीतला मला सुलटं करायला लावलं. पुसेगावपर्यंतच जायचं होतं. दीपाला पहिल्यांदा समोरचा रस्ता दिसला आणि त्यात वळून बघणारे बापू दिसले. ती टाळ्या वाजवू लागली. बापूंनी पूर्ण रस्ताभर पुढं बघितलंच नाही.

संध्याकाळी रीता आली. गाडीत डोकावली. ओरडली नाही. अंगणात बापू बाजेवर बसले होते, त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"बापू, खुर्ची कुणी फिरवली?"

"मी. काहून? आमी काय लेकरं वाढवली न्हाईत? बैलगाडीत वाढवली, रानात वाढवली."

"व्हय. पण बैलगाडी कितीच्या वेगानं पळते?"

बापूंनी बाजेची सुटलेली दोरी ओढली. मग म्हणाले, "वर्षाची झाली ना ती?"

"वर्षानं व्हत न्हाई. दोन वर्षं तरी उलटंच बसवायचं. त्याच्या पुढंबी या खुर्चीला तिचं वजन झेपतंय आन तिचं डोकं वरच्या काठाच्या खाली राहतंय, तवर उलटंच. मी दवाखान्यात काय काय बघते ते मला घरात बोलायचं न्हाई, बापू. पण फिरवू नका."

बापू उठून गेले. काही दिवस ते सुनेशी बोलले नाहीत. जेवायला वाढलं की मान हलवायचे, बस. मग एका सकाळी ते एकटेच गाडीपाशी आले. माझ्याशी खटपट केली, बोट चिमटवून घेतलं, शिवी दिली आणि मला पुन्हा उलटं बसवलं. आत हाक मारली, "रीता, बराबर बसलं का बघ."

रीतानं मला दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. मी हलले नाही. "बराबर," ती म्हणाली.

त्यानंतर बापू मागं बसायला लागले, माझ्या शेजारी. दीपाच्या पायाला गुदगुल्या करायचे. हळदीचा वास असलेला त्यांचा हात माझ्या कडेवर असायचा.

पट्टा मात्र ते कधीच लावायचे नाहीत. मागं नाही, पुढं तर नाहीच. पुढं बसलं की गाडी सारखी पीं-पीं करायची, म्हणून ते पट्टा पाठीमागून घेऊन नुसता खोबणीत अडकवायचे आणि त्याच्यावर टेकून बसायचे. गाडी गप्प व्हायची. माणसं गाडीला अशी फसवतात हे मी पुण्यातही पाहिलं होतं.

दीपाला दोन वर्षं व्हायला थोडे दिवस होते. वसमतकडं एका नातलगाचं लग्न होतं. परत निघताना याडीची कंबर दुखत होती. मागं टेकायला मिळावं म्हणून बापूंनी तिला आपली जागा दिली आणि स्वतः पुढं बसले. याडी खिडकीशी, रीता मध्ये, दुसऱ्या बाजूला मी. रीतानं याडीला पट्टा लावला, स्वतःला लावला.

"बापू, पट्टा."

"लावलाय की," बापू म्हणाले आणि खोबणीत अडकवलेलं टोक बोटानं दाखवलं.

दिवस मावळत होता. औंढ्याच्या अलीकडं उसाची ट्रॉली रस्त्यात उभी होती. चाक निखळलेलं, मागं ना दिवा ना चमकती पट्टी. समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड रणजीतच्या डोळ्यांवर आला. तो उजेड गेला तेव्हा ट्रॉली समोर होती.

दणका आला. दीपाची पाठ, मान, डोकं, सगळं एकदम माझ्यात दाबलं गेलं. मी वाकले. माझ्या आत कुठंतरी कट्ट झालं. ज्यासाठी मला बनवलं ते तेवढंच होतं, आणि ते झालं.

मग सगळं शांत. उसाची कांडकी टपावरून घसरत होती. दीपा रडली. याडी कण्हली. रीताच्या खांद्याचं हाड वर आलं होतं, तरी तिनं एका हातानं दीपाची मान चाचपली. रणजीत "बापू, बापू" म्हणत होता. पुढच्या काचेत मोठं भोक होतं. बापू उत्तर देत नव्हते.

दवाखान्यात डॉक्टरांनी दीपाला डोक्यापासून पायापर्यंत तपासलं. तिला काही झालं नव्हतं. बापू वाटेतच गेले होते. हे मी नंतर, गाडीतून मला काढणाऱ्या माणसांच्या बोलण्यातून ऐकलं.

पुढचे महिने घर चालत राहिलं, एवढंच म्हणता येईल. चूल पेटायची. याडी पिठात पाणी घालायची आणि मळायचं विसरून बसायची. रणजीत गाडी चालवेना. रीता खांदा जुळल्यावर एसटीनं ड्युटीला जाऊ लागली. भेटायला येणारे मला हात लावायचे. कुणी माझ्यावर हळद-कुंकू वाहिलं. लेकरू हिनंच वाचवलं म्हणाले. मला काही वाटलं नाही. घरातल्यांनाही काही वाटत असेल असं दिसत नव्हतं.

एकदा रणजीतचा चुलतभाऊ नेमसिंग आला. त्याच्या घरी मुलगा झाला होता आणि त्यानं नवी गाडी घेतली होती.

"ही खुर्ची द्या आमाला. गुणाची हाये."

"न्हाई," रीता म्हणाली. "भाऊजी, तुमी नवीन घ्या. एकदा एवढा मार खाल्ला की ही कामाची राहत न्हाई. आत तडा गेलेला असतो."

"कुठंय तडा? चांगली तर दिसती."

रीता समजावू लागली. नेमसिंग ऐकेना. मला उचलून त्यानं दाराकडं नेलंसुद्धा. तेव्हा याडी उठली. बऱ्याच दिवसांनी ती कुणी न बोलावता उठली होती. तिनं खुंटीवरचा विळा घेतला, मला नेमसिंगच्या हातातून घेऊन खाली ठेवलं आणि माझे पट्टे एकेक करून कापले. जाड होते, वेळ लागला.

"दिसायला मीबी चांगलीच दिसते, नेमसिंग," ती म्हणाली.

नेमसिंग दारात चपला घालायला वाकला. मग निघून गेला.

दीपासाठी नवी खुर्ची आली, माझ्याहून मोठी. दुसरी जुनी गाडीही आली. रणजीत पुन्हा चालवायला शिकल्यासारखा हळूहळू चालवू लागला. दोन वर्षांची होऊन गेली तरी दीपा उलटीच बसायची. आता तिला तीन पूर्ण होऊन बरेच महिने झालेत. आज सकाळी रीतानं तिच्या डोक्यावर तळहात आडवा धरला. डोकं खुर्चीच्या काठाशी आलं होतं.

"फिरवू या," ती म्हणाली.

रणजीतनं नवी खुर्ची सुलटी केली. वरचा पट्टा मागं नेऊन कडीत अडकवला, खांद्याचे पट्टे एक खाच वर घेतले. रीतानं हलवून पाहिलं. शेडमधून मला सगळं दिसत होतं. दीपा बसली. टाळ्या वाजवल्या नाहीत. समोर बघत राहिली.

"बापू कुठं बसायचे?" तिनं विचारलं.

रणजीतनं ड्रायव्हरशेजारच्या सीटवर हात ठेवला. "कधी तुझ्याजवळ, कधी हितं."

"आता हितं कोण बसतंय?"

मग याडी पुढचं दार उघडून तिथं बसली. पट्टा तिला सापडेना. रीतानं वाकून तो छातीवरून घेतला आणि लावून दिला.

गाडी गेली. धूळ थोडा वेळ वर राहिली.

आता भंगारवाला आला की मला नेईल. माझं प्लास्टिक वितळवून कशाचंही काहीतरी करतील, बादली किंवा पाइप. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तुमच्या घरी लेकरू असेल आणि त्याला समोरचा रस्ता दाखवायची घाई झाली असेल, तर थोडं थांबा. रस्ता कुठं जात नाही. निघते मी.