कानशीचे ओरखडे

सोमवारी सकाळी सव्वानऊला हमद पोर्टवरून आलेल्या खोक्याचे स्क्रू निघाले आणि मला बाहेर काढलं.

मित्रांनो, मी एक जुनं पितळी घंगाळ आहे. वय सुमारे आठशे वर्षं. मुक्काम दोह्यातल्या एका संग्रहालयाची कार्यशाळा. गुरुवारी प्रदर्शन उघडणार आहे.

सीरियाच्या किनाऱ्यावरच्या एका गावात एका मुसलमान कारागिरानं मला ख्रिस्ती हकिमासाठी घडवलं. एका अंगाला बाळ घेतलेली मरियम, दुसऱ्या अंगाला अरबीत दुआ. दोन्ही चांदीची तार ठोकून बसवलेली. हकीम आणि शेजारी राहणारा युसुफ जेवणाआधी माझ्यातच हात धूत. हकीम त्याला मुद्दाम दुआच्या बाजूला बसवायचा. युसुफ म्हणायचा, "सरक, मला बाळ दिसू दे."

मग समुद्रावरून क्रूसवाल्यांचं सैन्य आलं. मुसलमानांची अक्षरं सापडतील ते घर जाळणार, अशी आवई उठली. हकिमानं कानस घेतली. मी निसटू नये म्हणून युसुफनं मला आतून धरलं. दुआ गेली. अकरा वर्षांनी सुलतानाच्या फौजेनं गाव परत घेतलं आणि उलटी आवई उठली. या वेळी कानस युसुफच्या हातात होती आणि धरणारा हकीम होता. मरियमचा चेहरा गेला.

दोन्ही वेळा सैनिक त्या गल्लीत आलेच नाहीत. पण त्यानंतर दोघांनी माझ्यात हात धुतले नाहीत. मी माळ्यावर पडलो.

इथं माझ्यासाठी स्टँड केला तो नाशिकच्या मच्छिंद्र तांबटानं. पाट्या लिहिते रत्नागिरीची अनीसा. माझ्या पाटीवर छापलं आहे, ‘शत्रुसैन्याने दोन्ही बाजू विद्रूप केल्या.’

मच्छिंद्रनं ओरखड्यांवरून अंगठा फिरवला. "अनीसाताई, हे शिपायाचं काम नाही."

"तुम्ही होता वाटतं तिथं?"

"सात पिढ्या भांडी ठोकतोय आम्ही. शिपाई ठेचेल, पोचा पाडेल. इथं एक पोचा नाही. एकानं पोटातून धरलंय, दुसऱ्यानं हळू कानस चालवलीय. घरचं काम आहे."

अनीसानं दिवा जवळ ओढला. "दोन्हीकडं?"

"दोन्हीकडं. हात लावून बघा."

तिनं हातमोजा घालून बराच वेळ बघितलं. "पाटी छापून आली, भाऊ. खलास."

"मग लावा खोटी."

"माझ्या सहीनं जाते ती," ती म्हणाली आणि प्रदर्शनाचे प्रमुख गुरुप्रसाद यांच्याकडे गेली. परत आली ती त्यांना सोबत घेऊनच.

"पुरावा काय, मच्छिंद्रचा अंगठा?" ते हसले. "मॅडम, शत्रू म्हटलं की एका ओळीत भागतं. शेजारी म्हटलं की लोकांना समजावत बसावं लागतं. लावून टाका, यल्ला, चला लवकर."

मित्रांनो, मला चिंचेनं घासू नका, ऊन लागू देऊ नका, हे तुम्हाला कुणीही सांगेल. माझं मागणं एवढंच, की माझ्या जखमा भलत्याच्या नावावर घालू नका. मला ज्यांनी खरवडलं, ते एकमेकांना वाचवत होते. वाचलेही. पण पुन्हा एका पंगतीला बसले नाहीत.

बुधवार, दुपारचे चार. मी स्टँडवर आहे. माझ्याखाली पाटीसाठी दोन भोकं पाडून ठेवली आहेत. पाटी अनीसाच्या टेबलावर पालथी पडली आहे. गुरुप्रसाद यांचा फोन दोनदा वाजला. तिनं तो अजून उचललेला नाही.