बेसूरच्या हातात गाणाऱ्याचा गळा

ऑपरेशन थिएटरची एक रीत असते. पेशंटला भूल देण्याआधी सिस्टर सगळ्यांना थांबवते आणि ज्यानं त्यानं आपापलं नाव मोठ्यानं सांगायचं. आधी पेशंटनं, मग सर्जननं. भलत्याच माणसावर सुरी चालू नये म्हणून ही खबरदारी, एरवी त्यात हसण्यासारखं काही नसतं. त्या सकाळी टेबलावर झोपलेल्या म्हाताऱ्यानं नाव सांगितलं, मग डॉक्टरांनी आपलं सांगितलं, आणि भूल देणाऱ्या बाईंना मास्कच्या आत हसू आवरेना. दोन्ही नावं एकच होती. तीही आडनावासकट.

बरं, नाव काही असंतसं नव्हतं. नेटवर ते टाकून बघा. आधी येतो गायक, टेबलावर झोपलेला हाच. मग एक गोलरक्षक, त्यानं म्हणे कुठल्याशा अंतिम सामन्यात पेनल्टी अडवली होती. मग एक न्यायाधीश. आणि स्क्रोल करून बोट दुखायला लागलं की खाली डॉक्टर, गळ्याच्या ऑपरेशनमधले नावाजलेले सर्जन, तेही बऱ्याचदा गोलरक्षकाच्या फोटोसकट. गोलरक्षकाचं त्यांना काही वाटत नसे. न्यायाधीशांचंही नाही. पण गाणाऱ्याचं नाव निघालं की कपाळाला आठी पडायचीच.

कारण ते नाव चुकून जुळलेलं नव्हतं. घरचं आडनाव तेच, आणि डॉक्टर पोटात असताना आईनं रेडिओवर त्या नव्या पोराचा आवाज ऐकला आणि ठरवून टाकलं, मुलगा झाला तर हेच नाव. नुसतं नाव ठेवून ती थांबली असती तर निभावलं असतं. पण आपला मुलगा गाईल असं तिनं मनात घेतलं होतं. शाळेत पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, "अरे वा, मग एक गाणं होऊन जाऊ दे." मुलगा उठला, गायला, आणि बाईंनीच उठून खिडकी लावून घेतली, शेजारच्या वर्गाला त्रास नको म्हणून. त्या दिवसापासून पोरं त्याला बेसूर म्हणायला लागली. अजूनही जुने मित्र फोनवर "काय रे बेसूर" म्हणूनच सुरुवात करतात. लग्नात सासरच्यांनी गायचा आग्रह केला. परिषदेत भाषणाला उभे राहिले तर आयोजकांनी कौतुकानं त्याच गाणाऱ्याची तबकडी लावली. सगळं हसून साजरं केलं त्यांनी, पण आत कुठेतरी सल राहिला. घरात आई ते नाव मायेनं घ्यायची तेव्हा ती नक्की कुणाला हाक मारतेय, हे त्यांना लहानपणी कधी कळलं नाही. मोठेपणी त्यांनी विचारलं नाही.

आणि हाच माणूस गळ्यात गाठ घेऊन त्यांच्या खोलीत आला होता.

"डॉक्टर, वर्षानुवर्षं तुमचे पेशंट मला फोन करतात," पहिल्या भेटीत गाणारे म्हणाले होते. "गळ्यात गाठ आहे, कधी येऊ म्हणून. मी सगळ्यांना तुमचा नंबर देतो. आता माझ्याच गळ्यात निघाली, तर म्हटलं, कुणाला फोन करू, मलाच का?"

डॉक्टरांना हसू आलं, आणि हसू आलं म्हणून स्वतःचाच राग आला. माणूस उर्मट असता तर किती सोपं झालं असतं.

तपासणीत गाठ वाईट निघाली. गाणाऱ्यांची मुलगी स्पष्ट बोलली. "गाणं गेलं तरी चालेल, पण बाबा हवेत." ती बाहेर गेल्यावर गाणारे खुर्चीत जरा पुढे सरकले. "तिचं बरोबर आहे. पण डॉक्टर, आवाज गेला तर घरात मी कोण म्हणून वावरू, हेही कुणीतरी सांगा. तुम्हाला आत जे दिसेल त्याप्रमाणे करा. मी काही म्हणणार नाही." असं म्हणून त्यांनी सगळा भार डॉक्टरांच्या डोक्यावर ठेवला आणि स्वतः मोकळे झाले. केस दुसऱ्या कुणाकडे द्यावी असं डॉक्टरांच्या मनात येऊन गेलं. पण हे काम आपल्याइतकं चांगलं इथं कुणी करत नाही, हेही त्यांना ठाऊक होतं.

ऑपरेशनच्या दिवशी बाहेरच्या बाकावर गाणाऱ्यांच्या मुलीशेजारी डॉक्टरांची आई येऊन बसली होती. घरी थांब म्हटलं तर ऐकेल ती आई कसली. डॉक्टर समोरून गेले तेव्हा ती एवढंच म्हणाली, "जपून हं." मुलाला म्हणाली की गाणाऱ्यासाठी म्हणाली, देव जाणे. डॉक्टर मान हलवून आत गेले.

गळा उघडला. सुरुवातीला सगळं पुस्तकात असतं तसं चाललं होतं. मग गाठ वर उचलली आणि डॉक्टरांचे हात थबकले. आवाजाची नस असते ना, शिवणाच्या दोऱ्याएवढी बारीक, ती गाठीला चिकटून बसली होती. ओल्या कागदाला डिंक चिकटावा तशी. नस जिवंत होती. बाजूच्या यंत्राची सळी टेकवली की यंत्र टुक वाजायचं, म्हणजे आवाज शाबूत आहे. नस कापली की गाठ स्वच्छ निघणार होती आणि गाणं संपणार होतं. नस सोडवत बसायचं तर वेळ लागणार, हात जरा चुकला तर नस जाणारच, आणि गाठीचा एखादा कण मागे राहिला तर पुढे औषधानं त्याच्या मागे लागायचं.

"सर, कापून टाकूया," सहायक डॉक्टर म्हणाली. "मुलीलाही तेच हवंय."

तिच्या म्हणण्यात काही वावगं नव्हतं. डॉक्टरांनी हात पुढे केला. "कात्री."

सिस्टरनं कात्री तळहातावर ठेवली. आणि डॉक्टरांना बरं वाटलं. खूप दिवसांचं ओझं उतरावं तसं हलकं वाटलं. दुसऱ्याच क्षणी त्यांच्या जिवाचं पाणी पाणी झालं. नस कापायची पाळी या आधीही आली होती त्यांच्यावर, पण तेव्हा वाईट वाटलं होतं. आज बरं का वाटलं? ही कात्री सर्जनच्या हातात आहे, की खिडकी लावून घेतलेल्या त्या वर्गातल्या पोराच्या?

त्यांनी कात्री गळ्यापासून दूर घेतली.

"सिस्टर," डॉक्टर म्हणाले, "या माणसाचं नाव दुसरं काही असतं, तर मी काय केलं असतं?"

सिस्टर त्यांच्याबरोबर कितीतरी वर्षं उभी राहिलेली. प्रश्न कुठून आला ते तिला माहीत नव्हतं, पण उत्तर होतं. "मागे एक मास्तरीणबाई पेशंट होत्या ना, त्यांची नस अशीच चिकटली होती. तुम्ही जेवायची वेळ टळून गेली तरी सोडवत बसलात. आमच्या पायांचे तुकडे पडले."

"मग आजही पडू देत," डॉक्टर म्हणाले आणि कात्री परत दिली.

त्यानंतर जे चाललं त्याला काम म्हणावं की शिक्षा, कळत नाही. भिंगाचा चष्मा लावून, मान वाकवून, केसाएवढा पापुद्रा सुटा करायचा, सळी टेकवायची, टुक ऐकायचं, मग पुढचा पापुद्रा. सिस्टर कपाळाचा घाम टिपत होती. सहायक डॉक्टर श्वास रोखून रक्त ओढायची नळी धरून होती. डॉक्टरांच्या मानेत कळ भरली, पण त्यांनी मान हलवली नाही. हळूहळू नस मोकळी होत आली. शेवटचा चिकटा सुटला, गाठ ताटलीत पडली, आणि डॉक्टरांनी सळी टेकवली.

यंत्र वाजलं नाही.

पुन्हा टेकवली. नाहीच. सहायक डॉक्टरनं तारा तपासल्या, सगळ्या जागच्या जागी होत्या. नस दिसायला धडधाकट होती, पण मुकी झाली होती. ताणानं बधिर झालेली नस कधीकधी परत जागी होते. कधीकधी होत नाही. थांबून पाहिलं, तरी यंत्र गप्पच. करण्यासारखं हातात काही उरलं नव्हतं, तेव्हा गळा शिवून घेतला. कापली असती तर निदान उत्तर तरी देता आलं असतं. आता बाकावरच्या त्या दोघींना काय सांगणार, की मी फार जपलं आणि जपता जपता घालवलं?

गाणाऱ्यांच्या घशातली नळी काढली. त्यांना ठसका आला. डोळे किलकिले झाले. शुद्ध आली का ते बघायचीही रीत तीच. सिस्टर वाकून म्हणाली, "काका, नाव सांगा बघू तुमचं."

ओठ हलले. नुसती हवा आली.

सहायक डॉक्टरनं नजर दुसरीकडे वळवली. डॉक्टर पुढे झाले, म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि कानाशी तोंड नेलं. "घाई नाही. सावकाश. नाव सांगा."

गाणाऱ्यांनी आवंढा गिळला. छाती वर आली. आणि त्यांनी नाव सांगितलं, आडनावासकट. आवाज नळीनं खरवडलेला होता, जड होता, पण त्यातून वारा गळत नव्हता. तळाशी तो गोल, भरलेला सूर होता, ज्याच्यासाठी एका बाईनं पोटातल्या मुलाचं नाव ठरवून टाकलं होतं. सकाळीही डॉक्टरांनी हे नाव याच तोंडून ऐकलं होतं, पण तेव्हा नुसती रीत म्हणून. आता त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

"आता तुम्ही," गाणारे पुटपुटले.

डॉक्टरांनी आपलं नाव सांगितलं. ते अगदी बेसूर निघालं. भूल देणाऱ्या बाई या वेळी मोकळेपणी हसल्या.

ते बाहेर आले तेव्हा बाकावरच्या दोघीही उभ्या राहिल्या. "आवाज आहे," डॉक्टर म्हणाले. "गाण्याचं आत्ताच काही सांगत नाही, वेळ लागेल. पण आवाज आहे. भेटून घ्या." मुलीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि रडत आत पळाली.

"आई, तूही जा," डॉक्टर म्हणाले. "जन्मभर ज्याला ऐकलंस तो आत आहे. बोलतोय."

आई आत गेली नाही. तिनं दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. बाकावर परत टेकली, पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर हात ठेवला. मग तिनं ते नाव घेतलं, पूर्वी घ्यायची तसंच, मायेनं.

"ये, बस इथं," ती म्हणाली. "सकाळपासून उभा आहेस."