बायकोचं पाकीट

ती पार्लरमध्ये केस रंगवायची. दिवसभर उभं राहून पाय भरून येत, तरी स्वारी खूश असायची. कारण दर सोमवारी तिच्या पगारातून आपोआप थोडं बिटकॉइन विकत घेतलं जायचं आणि तडक तिच्या फोनमधल्या पाकिटात जाऊन बसायचं. त्या पाकिटाची किल्ली म्हणजे बारा शब्द. ते ज्याच्याकडे, पैसा त्याचा. तिने ते कुणालाही सांगितले नव्हते. तिला स्वतःचं पार्लर काढायचं होतं, तेही कुणापुढे हात न पसरता.

आपोआप चाललंय म्हणून ती निर्धास्त होती. परवा दुपारी सहज पाकीट उघडलं, तर चार महिन्यांत त्यात छदामही आला नव्हता. बँकेतून पैसे मात्र इमानेइतबारे जात होते. खरेदीचं ॲप पाहिलं. बिटकॉइन पाठवायचा पत्ताच बदललेला. तिच्या फोनचं कुलूप उघडता येणारा घरात दुसरा एकच माणूस होता.

नवरा विमा एजंट. "ताई, आपला पैसा आपल्याच हातात हवा," असं दारोदार ऐकवून पोट भरणारा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. संध्याकाळी तिने विचारलं, तर साहेब टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "हो, मीच बदलला. माझ्या पाकिटाचा टाकला. दोन-दोन पाकिटं कशाला? तुला ते जमलं नसतं."

जमलं नसतं! वर्षभर जिने एकटीने जमवलं, तिला म्हणे जमलं नसतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मला विचारलंस?"

"त्यात काय विचारायचं? नवरा-बायकोत कसलं आलंय तुझं-माझं?"

भाजी निवडत बसलेल्या सासूबाईंनीही मान डोलावली. "खरंय त्याचं. पैसा घरातच आहे ना."

"बरं." ती खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. "तुझं-माझं नाही ना? मग तुझे बारा शब्द सांग. लिहून घेते."

त्याने टीव्हीचा आवाज कमी केला. "वेडी आहेस का? ते कुणाला सांगायचे नसतात."

"बायकोलाही?"

"कुणालाही म्हणजे कुणालाही. पहिला नियम आहे तो."

सासूबाईंचा हात भाजीवरच थांबला. "मग हिचा पैसा हिला मिळायचा कसा रे?"

तिने त्याच्यादेखत ॲपमध्ये स्वतःचा पत्ता टाकला, फोनचं कुलूप बदललं आणि त्याचा फोन उचलून त्याच्या हातात दिला.

"आता चार महिन्यांचं परत पाठव," ती म्हणाली. "माझ्या पाकिटात दिसेपर्यंत मी इथून हलत नाही."